घरच्या संगणकावर गाणे: पट्टी ठरवण्यापासून अंतिम मिश्रणापर्यंत

गाणे संगणकावर ध्वनिमुद्रित करायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहिलेल्या असाव्यात: गाणाऱ्याची पट्टी आणि गाण्याची लय. माइक कोणता घ्यावा, सॉफ्टवेअर कोणते वापरावे, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत. आमच्या ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत, पेटी असते, तबल्याची जोडी असते, लहानपणी चार-सहा वर्षे गाणे शिकलेले कोणीतरी असते आणि आता बहुतेक ठिकाणी लॅपटॉपही असतो. गौरी-गणपतीत म्हटली जाणारी पदे, भोंडल्याची गाणी, आजीच्या ओव्या असे पुष्कळ काही या घरांत जपलेले आहे आणि ते नीट मुद्रित व्हावे अशी इच्छाही असते. परंतु मोबाइल समोर ठेवून केलेल्या मुद्रणात पंख्याची घरघर पुढे येते आणि गळा मागे राहतो. हा लेख अशा घरांसाठी लिहिला आहे. वाचकाला स्वर-तालाची प्राथमिक ओळख आहे, पण ध्वनिमुद्रणाची काहीही माहिती नाही, असे मी धरले आहे. पुढे जे जे सांगितले आहे, त्यात प्रत्येक निर्णय गाणाऱ्याच्या गळ्यावरून घ्यायचा आहे. वाद्ये, ठेका आणि यंत्रे त्या गळ्याला धरून बसवायची आहेत.

पट्टी, पेटी आणि लय

पट्टी ठरवताना ध्रुवपद गाऊन पाहू नये, अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर गाऊन पाहावा. तो स्वर तीन वेळा सलग, ओढाताण न होता लागला, तर पट्टी योग्य आहे. सकाळी उठल्या उठल्या गळा खाली बसलेला असतो, म्हणून ही परीक्षा अर्ध्या तासाच्या रियाजानंतर करावी. सॉफ्टवेअरमध्ये आपल्या पट्ट्यांची नावे नसतात. तेथे पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, काळी चार म्हणजे जी शार्प आणि काळी पाच म्हणजे ए शार्प. एवढे कोष्टक टेबलावर चिकटवून ठेवले की पुढचा गोंधळ वाचतो.

यानंतर पेटी तपासावी, आणि ही पायरी कोणीही गाळू नये. संगणकातली सगळी वाद्ये मधल्या सप्तकातला ए हा स्वर ४४० हर्ट्झ धरून मिळवलेली असतात. घरातली जुनी पेटी मात्र तेवढ्यावर असेलच असे नाही. मोबाइलवर स्वरमापकाचे मोफत ॲप घेऊन पेटीची पांढरी सहा दाबून पाहावी. आमच्या घरी पहिले गाणे करताना वडिलांची पेटी आधी मुद्रित केली, त्यावर आत्या गायली आणि मग संगणकातली व्हायोलिने भरली. सगळे मिळून ऐकताना काहीतरी आंबट लागत होते. दोन संध्याकाळी आम्ही आत्याच्या सुराला बोल लावला. नंतर तपासले तेव्हा पेटी ४४० ऐवजी ४४५ च्या आसपास, म्हणजे सुमारे २० सेंट चढी निघाली. एका अर्ध्या स्वरात १०० सेंट असतात, त्यामुळे २० सेंटचा फरक शिकलेल्या कानाला लगेच जाणवतो. पेटीचे सूर घरी उतरवता येत नाहीत, पण संगणकातल्या वाद्यांचे मूळ माप आणि तानपुरा-ॲपचा सूर बदलता येतो. म्हणून पेटी वापरायची असेल तर बाकी सर्वांनी पेटीला मिळायचे, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो.

लय ठरवण्यासाठी गाणे नेहमीसारखे म्हणावे, दुसऱ्याने टाळी देत १५ सेकंदांतल्या मात्रा मोजाव्यात आणि त्या आकड्याला ४ ने गुणावे. सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो म्हणून हाच आकडा भरायचा असतो. केरव्याच्या आठ मात्रांसाठी तालमापन चार-चारचे ठेवून दोन मापांचे एक आवर्तन धरावे, दादऱ्यासाठी सहा-आठ आणि रूपकासाठी सात-चार किंवा सात-आठ घ्यावे. रूपकात सम कालावर येते आणि सॉफ्टवेअरचा क्लिक, म्हणजे मात्रा मोजून देणारा टकटक आवाज, पहिल्या मात्रेवर जोर देतो, याने प्रथम थोडे चुकल्यासारखे वाटते. तो जोर क्लिकच्या सेटिंगमध्ये कमी करता येतो. आणखी एक गोष्ट अशी की आपल्या गाण्याचा मुखडा बहुधा समेवर सुरू होत नाही, समेच्या आधी उठतो. त्यासाठी सुरुवातीला निदान दोन आवर्तने रिकामी सोडून सम बरोबर मापाच्या पहिल्या रेषेवर येईल असे बघावे. नाहीतर पुढे ठेक्याचे तुकडे उचलून ठेवताना प्रत्येक वेळी हिशेब चुकतो.

पहिले गाणे मध्य लयीतले, केरव्यातले किंवा भजनी ठेक्यातले निवडावे, असा माझा आग्रह आहे. ओवी किंवा आलापी क्लिकवर बसवू नये. ती केवळ तानपुऱ्यावर मोकळी गाऊन घ्यावी आणि संयोजनही तेवढेच मोकळे ठेवावे.

लागणारी साधने

माइक दोन प्रकारचे असतात. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असतो, जवळून गावे लागते, पण खोलीतला आणि रस्त्यावरचा गोंगाट तो कमी उचलतो. कंडेन्सर माइक बारीक हरकती आणि श्वाससुद्धा टिपतो, त्याला इंटरफेसमधून, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणातून, ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो शेजारच्या घरातली कुकरची शिटीही तितक्याच प्रामाणिकपणे टिपतो. भर रस्त्यावरच्या घरात राहणाऱ्याने डायनॅमिक घ्यावा, मागच्या चौकाकडे शांत खोली असेल त्याने कंडेन्सर घ्यावा. थेट यूएसबीला लागणारा माइक एकट्या गायकासाठी पुरेसा आहे. परंतु पेटी आणि गळा एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे एकेका आवाजाच्या स्वतंत्र नोंदीवर, घ्यायचे असतील तर दोन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेसच घ्यावा लागतो.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि तारेचे असावेत. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत उशिरा पोहोचू शकतो, आणि तेवढ्या उशिरा ऐकू येणाऱ्या ठेक्यावर कोणालाही गाता येत नाही. संगणकाच्या आतही असा उशीर होत असतो. ध्वनी छोट्या गठ्ठ्यांनी हाताळला जातो आणि या गठ्ठ्याच्या आकाराला बफर म्हणतात. सॅम्पल रेट, म्हणजे एका सेकंदात आवाजाचे घेतले जाणारे नमुने, ४८,००० असेल तर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, तर १०२४ चा बफर म्हणजे २१ मिलिसेकंदांहून अधिक, आणि हा उशीर जाताना आणि येताना असा दोनदा पडतो. म्हणून मुद्रणाच्या वेळी बफर १२८ किंवा २५६ ठेवावा, मिश्रणाच्या वेळी १०२४ करावा. लहान बफरवर आवाज तडतडू लागला तर एक पायरी वर जावे. विंडोजवर इंटरफेसबरोबर आलेला आसिओ ड्रायव्हरच, म्हणजे हा उशीर कमी ठेवणारा जोड-प्रोग्रामच, वापरावा.

सॉफ्टवेअरबद्दल फार चर्चा होते, तेवढी आवश्यक नाही. ऑडॅसिटी मोफत आहे आणि केवळ गळा व पेटी मुद्रित करून कापाकापी करायची असेल तर ती पुरते; संगणकातली वाद्ये रचण्यासाठी मात्र ती सोयीची नाही. ॲपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड मोफत मिळते आणि त्यात वाद्येही भरपूर असतात. विंडोजवर मी रीपर वापरतो: ते ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते, नंतर परवाना घ्यावा लागतो, आणि जुन्या लॅपटॉपवरही ते हलके चालते. एलएमएमएसमध्ये वाद्ये आणि ठेके रचता येतात, पण माइकवरून थेट मुद्रण करण्यासाठी ते बनवलेले नाही. कोणतेही एक घेऊन त्यावर तीन गाणी पूर्ण करावीत. मध्येच सॉफ्टवेअर बदलले की पहिला महिना पुन्हा सुरू होतो.

प्रकल्प उघडताच सॅम्पल रेट ४८,००० आणि प्रत्येक नमुन्याची सूक्ष्मता २४ बिट अशी नोंद करावी. एका माइकचे एक मिनिट यात सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याचे दहा ट्रॅक सुमारे ४३० मेगाबाइट, आणि प्रत्येकी तीन टेक, म्हणजे मुद्रणाच्या तीन फेऱ्या, घेतल्या तर एक गीगाबाइटच्या पुढे. प्रत्येक गाण्याला स्वतंत्र फोल्डर करावा, आणि प्रकल्प पहिल्यांदा साठवतानाच सर्व ध्वनिफाइली त्याच फोल्डरात जातील अशी खूण करून ठेवावी. हे न केल्यास लॅपटॉप बदलल्यावर गाण्याचा सांगाडा उघडतो, पण आत आवाज नसतो.

खोली

जुन्या घरांतली दगडी फरशी, उंच छत आणि जाड भिंती उन्हाळ्यात सुखाच्या असतात, पण ध्वनिमुद्रणात त्याच अडचणीच्या ठरतात. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागे टणत्कारासारखी शेपटी ऐकू आली, तर ती शेपटी प्रत्येक शब्दाला चिकटणार आहे, आणि एकदा मुद्रणात उतरलेली ती नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने समाधानकारक निघत नाही.

यावरचा उपाय घरातच असतो. ग्वाल्हेरच्या थंडीसाठी जमवलेल्या रजया येथे उपयोगी पडतात. बहुतेक जण रजई माइकच्या मागे टांगतात. ती गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगली पाहिजे. गळ्यासाठी वापरला जाणारा माइक समोरून ऐकतो आणि मागून फारसे ऐकत नाही, त्यामुळे गायकाच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकच्या तोंडावर येतो. फरशीवर गादी किंवा सतरंजी टाकावी, कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे, आणि गायकाला खोलीच्या बरोबर मध्यभागी किंवा कोपऱ्यात उभे करू नये.

गोंगाटाचा बंदोबस्त वेळेवर अवलंबून असतो. मे महिन्यात पंखा आणि कूलर बंद ठेवून फार वेळ गाणे शक्य नसते, म्हणून दहा मिनिटांचे सत्र, मग पंखा, मग पुन्हा दहा मिनिटे, असा क्रम लावावा. महाराज बाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना पहाटे पाच ते सातशिवाय शांतता मिळत नाही, आणि लग्नसराईत रात्रीचे मुद्रण ठरवूच नये, कारण वरातीचा बँड कोणत्याही खिडकीला जुमानत नाही. फ्रिज बंद केला तर तो परत सुरू करण्याची चिठ्ठी दारावर लावावी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करणे चांगले: आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे अर्थिंग नीट नसेल तर ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण मुद्रणात शिरते, आणि चार्जर काढताच ती पुष्कळदा थांबते. शिवाय वीज गेली तरी टेक वाया जात नाही.

मुद्रणाचा क्रम

सर्वांत आधी तानपुरा. ॲपवरचा तानपुरा मोबाइलमधून तारेने इंटरफेसला जोडून पाच-सहा मिनिटे सलग मुद्रित करावा. गाण्यात पंचम नसेल तर तानपुऱ्यात मध्यम किंवा निषाद लावायचा, हे शिकलेल्यांना सांगायला नको. त्यानंतर क्लिक लावून पेटी आणि गळा एकत्र, कच्चे, एकदाच गाऊन घ्यावे. याला स्क्रॅच म्हणतात. तो शेवटी पुसला जाणार असतो, त्यामुळे सुराची चिंता करू नये, पण कडव्यांचा क्रम आणि मधल्या जागा मात्र अंतिम गाण्यासारख्याच असाव्यात. तबला वाजवणाऱ्याला गाणे ऐकू आले तरच तो योग्य ठिकाणी तिहाई घेतो, आणि गायकाला तबला ऐकू आला तरच अंतिम गाण्यात जीव येतो. हा पेच स्क्रॅचमुळे सुटतो.

मग तबला घ्यावा. दायाँ गायकाच्या षड्जाला मिळवलेला असावा आणि मिळवल्यानंतर खोलीत दहा मिनिटे ठेवून पुन्हा तपासावा, कारण कोरड्या हवेत पुडी ताणली जाते आणि सूर चढतो, पावसाळ्यात तो उतरतो. एकच माइक असेल तर तो दोन्ही तबल्यांच्या वर, समोरून, सुमारे एक हात अंतरावर लावावा आणि किंचित डग्ग्याकडे वळवावा, म्हणजे चाटेचा तीक्ष्ण आवाज घुमाऱ्यावर मात करत नाही. पेटीसाठी माइक भात्याच्या बाजूला ठेवू नये. वरून दीड-दोन फुटांवर, पट्ट्यांच्या मागच्या भागाकडे रोखलेला असावा.

अंतिम गळा घेताना माइक ओठांपासून एक वीत दूर आणि नाकाच्या उंचीवर, किंचित खाली झुकवून लावावा. प, फ, भ अशा अक्षरांचा वारा माइकवर आदळू नये म्हणून मध्ये पॉप फिल्टर ठेवावा; तो नसेल तर माइक तोंडासमोरून थोडा बाजूला सरकवला तरी बराच फरक पडतो. ट्रॅक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, निवडावा. नवीन माणूस तो स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा, घेतो आणि मग गाणे फक्त डाव्या कानात का ऐकू येते, याचा शोध घेत बसतो.

पातळी लावताना गाण्यातली सर्वांत जोरकस ओळ गाऊन घ्यावी आणि तेव्हा मापकातला सर्वोच्च आकडा उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास येईल इतकाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, ठेवावा. मुद्रण प्रत्यक्ष सुरू झाल्यावर गायक सरावापेक्षा जोरात गातो, आणि शून्य ओलांडले की आवाज फाटतो. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. हद्दू खाँ-हस्सू खाँ यांच्यापासून चालत आलेली आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेलेली ग्वाल्हेरची गायकी ही खुल्या आकाराची गायकी आहे. या वळणाने शिकलेला गळा शांत बोलआलापातून एकदम तानेत झेप घेतो, आणि तेव्हा मापक पाहता पाहता दहा-पंधरा डेसिबल चढते. २४ बिटमध्ये पातळी कमी असल्याने काहीही बिघडत नाही, त्यामुळे मोकळी जागा राखून ठेवण्यात कंजूषपणा करू नये. गायकाला वाटल्यास तानेच्या वेळी अर्धे पाऊल मागे जाण्याची सवय लावावी. व्यासपीठावर गाणाऱ्यांना ती असतेच.

तीन पूर्ण टेक घ्यावेत, अधिक नाही. नंतर गाण्याच्या कागदावर प्रत्येक ओळीसमोर कोणता टेक सरस आहे याची खूण करावी आणि संपूर्ण ओळ एका टेकमधून उचलावी. शब्दाशब्दांचे तुकडे जोडले की सूर निर्दोष होतो, पण श्वासाची साखळी तुटते आणि ऐकणाऱ्याला कारण न समजता अस्वस्थ वाटते. जोड नेहमी श्वासाच्या आधी द्यावा आणि दहा-वीस मिलिसेकंदांत एका तुकड्याचा आवाज उतरून दुसऱ्याचा चढेल असे ठेवावे. एखादीच ओळ पुन्हा गायची असेल तर गायकाला दोन आवर्तने आधीपासून गायला लावावे. शेवटी खोलीत सर्वांनी स्तब्ध राहून अर्ध्या मिनिटाची नुसती शांतता मुद्रित करावी. गोंगाट कमी करणाऱ्या साधनाला नमुना म्हणून तीच लागते.

स्वर आपोआप दुरुस्त करणारी साधने सर्वत्र मिळतात. त्यांतले पहिले गाजलेले साधन १९९७ मध्ये आले. ही साधने मुळात बारा ठरावीक स्वर धरून चालतात आणि मधल्या सगळ्या जागा जवळच्या स्वराला चिकटवतात. मींड, आंदोलन आणि कण या तर मधल्याच जागा आहेत. म्हणून हे साधन संपूर्ण गाण्यावर लावू नये. एखादा ठेहरावाचा स्वर घसरला असेल तर तेवढाच हाताने सावरावा, आणि शक्य असेल तर ती ओळ पुन्हा गावी.

संगीत संयोजन

येथपर्यंतचे काम काळजीचे आहे, यापुढचे आनंदाचे. प्रथम कागदावर आवर्तनांचा आराखडा काढावा. १२० च्या लयीत आठ मात्रांचे एक आवर्तन चार सेकंदांत संपते, म्हणजे तीन मिनिटांत ४५ आवर्तने होतात. त्यांपैकी चार प्रारंभीच्या वाद्यांसाठी, ध्रुवपदाची किती, पहिल्या कडव्यानंतरच्या मधल्या तुकड्याची किती, असे वाटून घ्यावे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावत असे, आणि त्या बंधनात गाणाऱ्यांनी आलाप, अस्ताई, अंतरा आणि ताना बसवून दाखवल्या. घरगुती गाण्याला मी हेच माप सुचवेन. लांबलेला मधला तुकडा पहिल्या गाण्याला जड होतो.

संगणकातली वाद्ये मिडी नावाच्या संकेतांनी वाजतात. हा संकेत १९८३ पासून वापरात आहे आणि त्यात ध्वनी नसतो, कोणती पट्टी किती जोराने आणि किती वेळ दाबली एवढीच नोंद असते. म्हणून वाजवलेला तुकडा नंतर बासरीचा सतार करता येतो, पट्टी बदलता येते, लय बदलता येते. जोराची नोंद १ ते १२७ अशी होते. सर्व स्वर एकाच जोराचे असतील तर वाद्य यंत्रासारखे ऐकू येते, त्यामुळे समेवरचा स्वर ९५, बाकीचे ७० ते ८५, असा चढउतार हाताने द्यावा. स्वर मात्रेवर आपोआप सरकवण्याची सोय पूर्ण न वापरता साठ-सत्तर टक्केच वापरावी. मींड घेण्यासाठी कीबोर्डवरची स्वर वाकवणारी चाकी असते, पण ती बहुधा दोन अर्ध्या स्वरांपुरतीच वाकते. षड्जापासून पंचमापर्यंत मींड हवी असेल तर वाद्याच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा सात करावी लागते. हे न कळल्यामुळे कित्येक जण संगणकावर मींड येत नाही असे समजून बसतात.

आता स्वरमेळाचा, म्हणजे कॉर्ड्सचा प्रश्न, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. आपली चाल एका षड्जावर उभी असते. तिच्याखाली दर दोन मात्रांनी कॉर्ड बदलली की षड्जच हलल्यासारखा होतो. भूपाचे उदाहरण घ्या. सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांतून तीन स्वरांच्या नेहमीच्या पूर्ण कॉर्ड्स दोनच तयार होतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. तिसरी कोणतीही घेतली की मध्यम किंवा निषाद आत येतो आणि भूपाचा रंग पातळ होतो. भूपातल्या चालीला या दोन कॉर्ड्स आणि सा-प ची नुसती जोडी पुष्कळ होते. यमनात तीव्र मध्यमामुळे रे-म-ध ही मोकळी, तेजस्वी कॉर्ड मिळते. ती ध्रुवपदाच्या शेवटी एकदाच वापरली तर ऐकणारा मान वर करतो, चार वेळा वापरली तर तिचे तेज जाते.

दुसरी बारीक गोष्ट गंधाराची. सुरेल तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार हा पेटीच्या किंवा संगणकातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. चांगला गायक तानपुऱ्यावर गाताना नकळत त्या गंधाराकडे जातो. त्याच वेळी व्हायोलिनांचा थवा संगणकी गंधार लांबवून धरत असेल तर दोघांची टक्कर होते. त्यासाठी गायक गंधारावर थांबतो तेथे खालच्या वाद्यांतून गंधार काढून टाकावा आणि सा-प वर राहावे. हा उपाय इतका सोपा आहे की तो सुचायला मला दोन वर्षे लागली याची खंत वाटते.

वाद्यांची दाटी टाळण्यासाठी सप्तके वाटून द्यावीत. गळा, पेटी आणि तानपुरा हे तिघेही मध्य सप्तकात राहतात. चौथे वाद्य त्याच जागी आणले तर शब्द बुडतात. बासरी तार सप्तकात, बेस खर्जात, आणि पेटी गळ्याच्या मागे न धावता ओळीच्या शेवटी उत्तर देणारी, अशी मांडणी करावी. दुसऱ्या कडव्यात सगळी वाद्ये थांबवून केवळ तानपुरा आणि डग्ग्याचा हलका ठेका ठेवावा. वाद्ये परत येतात तेव्हा, प्रत्यक्षात तेवढीच असूनही, दुप्पट भासतात.

मिश्रण आणि अंतिम फाइल

सर्व फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची पातळी ठरवणारे सरकते दांडे, खाली ओढून आधी केवळ गळा उघडावा, मग तबला, मग एकेक वाद्य. काही ऐकू येत नसेल तर ते वाढवण्याआधी त्याच्यावर कोण बसले आहे हे शोधून त्याला कमी करावे. गळ्यावर इक्वलायझर (आवाजाचा हवा तो भाग कमी-जास्त करणारे साधन) लावून ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग काढावा. काळी चारच्या स्त्रीगळ्याचा मंद्र पंचमसुद्धा साधारण १५६ हर्ट्झचा असतो, त्यामुळे त्याखाली काढला जातो तो रस्त्यावरच्या गाड्यांचा घुमारा. शब्द स्पष्ट हवे असतील तर पेटी आणि व्हायोलिने २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल उतरवावीत. कॉम्प्रेसर (जोरकस आवाज दाबणारे साधन) दोनास एक किंवा तीनास एक प्रमाणात, जास्तीत जास्त तीन-चार डेसिबल दाबेल एवढाच असावा. खुल्या गळ्याची झेप दाबून सपाट केली तर मुद्रणाचा हेतूच उरत नाही. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, वेगळ्या ट्रॅकवर घेऊन त्यात गळा थोडा पाठवावा, आणि तो ऐकू येऊ लागला की एक पायरी कमी करावा.

तयार मिश्रण हेडफोनवर, मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर आणि गाडीत ऐकावे, तेही एक रात्र मध्ये जाऊ देऊन. एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप) आसपास आणि सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलवर ठेवले तर यूट्यूबवर गाण्याची पातळी आपोआप कमी केली जात नाही. मूळ प्रत २४ बिट वेव्ह स्वरूपात जपावी आणि नातेवाइकांसाठी ३२० केबीपीएसची एमपीथ्री करावी. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

सार्वजनिक ठिकाणी गाणे टाकणाऱ्याने हक्कांचा विचार करावा. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या आणि संगीतकाराच्या रचनेवरचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. संतांचा अभंग सर्वांचा असतो, पण त्याला लावलेली प्रसिद्ध चाल अलीकडच्या संगीतकाराची असू शकते. परंपरेने चालत आलेल्या भोंडल्याच्या गाण्यांना आणि ओव्यांना ही अडचण येत नाही; पहिल्या प्रयत्नासाठी भोंडल्याची गाणी निवडावीत, याचे हेही एक कारण आहे.

काम संपल्यावर संपूर्ण फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि त्यात एक साधी मजकुराची फाइल जोडावी: पट्टी, टेम्पो, पेटीचे मोजलेले माप, माइक कोठे व किती अंतरावर होता, रजई कोणत्या भिंतीला होती. पुढच्या गणपतीत आत्याने दुसरे कडवे पुन्हा म्हणायचे ठरवले, तर त्याच खोलीत, त्याच सुरात ते पहिल्या कडव्याशेजारी बसवता येते.